पाऱ्याची साक्ष

मित्रांनो, मी काचेचा आहे, जुना आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. मी एक थर्मामीटर. चष्म्यांच्या एका दुकानामागच्या दोन खोल्यांत, टेबलाच्या खणात माझे आयुष्य गेले.

कारखान्यात एका कारागिराने काचेची नळी ओढली, तिच्या पोटात पारा भरला आणि अंगावर बारीक रेघा कोरल्या. कोमट पाण्यात बुडवून माझी परीक्षा झाली आणि मी पास झालो. तेव्हापासून मी कधी खोटे बोललो नव्हतो, आणि त्याची मला घमेंड होती. घरात कोणी कण्हू लागले की आधी माझा शोध होई. मला झटकत, जिभेखाली ठेवत, मग खिडकीशी नेऊन डोळे बारीक करून वाचत. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या घरात माणसे तीन. वहिनी मागच्या खोलीत यंत्रावर चष्म्याच्या काचा घासून बसवतात. त्यांचा नवरा गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो. पुढे काउंटरवर त्याची बहीण, म्हणजे वहिनींची नणंद बसते. वहिनींचा हात असा बसलेला की काच चौकटीत पहिल्या फटक्यात जाई.

मग वहिनींना ताप भरला. मी एकशे तीन दाखवले आणि सगळे घर धावले. नणंदेने स्वतः कपाळावर पट्ट्या ठेवल्या, हे नाकारून चालणार नाही. दहाव्या दिवशी मी अठ्ठ्याण्णववर उतरलो आणि सगळ्यांनी हुश्श केले. वहिनी मात्र बऱ्या झाल्या नाहीत. दोन महिने उलटले तरी दोन काचा घासल्या की त्यांना भिंतीला टेकावे लागे. बोलता बोलता शब्द आठवेनासे होत. एक दिवस त्यांनी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली, आणि तो चष्मा लावून एक शिक्षक जिन्यावरून पडता पडता वाचले.

त्या दिवशी नणंदेने मला खणातून काढले, वहिनींच्या तोंडात खुपसले आणि दोन मिनिटांनी उजेडात धरले.

“बघ वहिनी, अठ्ठ्याण्णव. पारा काय खोटं बोलतो? ताप नाही तुला, कामाचा कंटाळा आहे.”

“ताई, अहो, डोक्यात नुसता कापूस भरल्यासारखं होतं. मी मुद्दाम करते का?”

“मला नको सांगू. याला सांग.” आणि तिने मला त्यांच्या नाकासमोर नाचवले.

मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. मला न विचारता मला साक्षीदार केले होते. नवरा मान खाली घालून चष्मे पुसत राहिला. अशा माणसाला लोक सुस्वभावी म्हणतात, मी भित्रा म्हणतो.

शेवटी तिघे डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी नणंदेच्या पर्समध्ये होतो, पुरावा म्हणून.

“शरीराच्या संरक्षक पेशी रेणूंच्या हाती निरोप पाठवतात,” बाई म्हणाल्या. “सायटोकाइन म्हणतात त्यांना. ते निरोप मेंदूपर्यंत पोचतात. मग मेंदू ताप चढवतो, भूक मारतो, माणसाला आडवं पाडतो. बरं व्हायला ते लागतंच. पण काही जणांत ताप गेला तरी मेंदूतले हे निरोप थांबत नसावेत. का, ते अजून नीट कळलेलं नाही. यांना काही महिने बेतानं काम करू द्या.”

“पण ताप तर नाहीये,” नणंद म्हणाली.

“नसेलच. थर्मामीटरला यातलं बाकीचं काही दिसत नाही.”

मला आधी अपमान वाटला, मग लाज वाटली. आयुष्यभर ज्या पाऱ्याची ऐट मिरवली, तो या निरोपांमुळेच चढत होता. पत्र भले मोठे होते आणि मला त्यातली एकच ओळ वाचता येत होती.

“डॉक्टरांचं काय जातं सांगायला,” नणंद घरी आल्यावर म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून नेम झाला. सकाळी मला लावायचे, अठ्ठ्याण्णव वाचायचे आणि वहिनींना यंत्रावर बसवायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी नणंद मला वहिनींच्या जिभेखाली ठेवून दुकानाचे शटर उघडायला गेली. वहिनींनी मला बाहेर काढले, समोरच्या चहात क्षणभर बुडवले आणि पुन्हा तोंडात धरले. एकशे तीन. माझ्या आयुष्यातले हे पहिले खोटे, आणि ते घरातल्या सर्वांत सरळ बाईला माझ्याकडून वदवून घ्यावे लागले.

घर पुन्हा धावले. नणंदेने वहिनींच्या कपाळावर हात ठेवला.

“अगं बाई, किती भाजतंय अंग,” ती म्हणाली.

कपाळ गार होते.

नवऱ्याने पांघरूण आणले आणि यंत्राचे बटण बंद केले. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडल्या. जवळजवळ तीन महिने त्या घसा कोरडा करून खरे सांगत होत्या, त्याला कोणी भीक घातली नाही.

मित्रांनो, मला जपा, पडू देऊ नका, असे सांगायला मी बसलेलो नाही. मी फुटलो तर नवा मिळेल. घरात कोणी “मला बरं वाटत नाही” म्हणाले, तर मला जरूर लावा. पण आधी त्याच्या शेजारी बसा, काय होते आहे ते विचारा, आणि तो सांगेल ते खरे माना. या घराला हे समजेल तेव्हा समजेल. तोवर चहाचा कप रोज पुढे आला, तर मी रोज एकशे तीन दाखवणार आहे.