क्लच गेला वीतभर पुढे

सोमवारपासून नलिनीबाईंच्या गाडीचा क्लच रोज वीतभर पुढे सरकत होता. ब्रेक जागेवर होता, अ‍ॅक्सिलरेटर जागेवर होता. क्लचच तेवढा वाटेला लागला होता. सोमवारी त्यांनी सीट पुढे ओढली. मंगळवारी पाठीशी उशी घेतली. बुधवारी काठीने दाबला आणि देवासमोर कान धरले, कारण काठी म्हणजे काही पाय नव्हे. शुक्रवारी सकाळी डोकावून पाहिलं, तर पायांशी लांबच लांब बोळ झाला होता आणि त्याच्या टोकाला पेडल सुपारीएवढं दिसत होतं.

गाडी जुनी, कासवाच्या पाठीची. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारी. नवऱ्याने, रंगनाथरावांनी, हौसेने घेतलेली. पुढे त्यांची वाचा गेली, महिनोन्‌महिने औषधांनी काही होईना, तेव्हा नलिनीबाईंनी नेम धरला: एकेचाळीस दिवस टेकडीवरच्या दत्ताला पायी जाऊन दिवा लावीन, दिवा लागेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. चौथ्या दिवशी गुडघा बसला. मग त्यांनी देवाला सांगितलं, "दोन्ही पायांनी गाडी हाकत येते. तेच चालणं धर." देवाने धरलं. रोज दिवा लागला की घरी रंगनाथरावांना एक शब्द परत मिळायचा. पाणी. उशी. पंखा. काल 'मीठ' मिळाला आणि त्यांनी लगेच आमटीची वाटी परत पाठवली. एक दिवस चुकला तर सगळे शब्द माघारी जायचे, हेही ठरलेलं होतं. आज एकेचाळिसावा. सूर्य टेकायच्या आत दिवा लागायला हवा.

शेजाऱ्यांनी गाडी ढकलत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात आणून सोडली. मिस्त्रींनी वाकून बोळात बॅटरी मारली. उजेड अर्ध्यातच संपला.

"ह्यो आता माघारी येत न्हाई, काकू. ऑटोमॅटिक करून घ्या. कटकटच मिटली."

"डावा पाय लागला पाहिजे हो, मिस्त्री. मी तसं बोलून बसलेय."

"कुणाला?"

"देवाला."

"मग अवघड हाय," मिस्त्री म्हणाले आणि पाना शोधू लागले.

आधी त्यांनी अर्धी ऑटोमॅटिक बसवली. तिच्यात गिअरच्या दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटतो. "डावा पाय नुसता टेकवून ठेवा. देव एवढं बारीक बघत न्हाई."

"बारीकच बघतो," नलिनीबाई हळूच म्हणाल्या. पण वेळ जात होता, म्हणून बसल्या. गाडी सुरू झाली, हातभर गेली आणि थबकली. पुन्हा हातभर, पुन्हा थबकली. इतके दिवस त्या डाव्या हाताची बोटं गिअरच्या मुठीवर टेकवून नाम मोजत आल्या होत्या. आता प्रत्येक नामाला क्लच सुटत होता.

"नाम थांबवा की घटकाभर!"

"नाम थांबवायचं, तर मग जायचं तरी कशाला?"

मिस्त्रींनी सगळं परत उपसलं. बारा वाजले. घरून फोन आला. "मीठ," रंगनाथराव म्हणाले. मग "पंखा". मग 'पाणी' म्हणायला गेले आणि 'पा'वरच अडकले.

"आलेच हं," नलिनीबाई म्हणाल्या. पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि अजून गाडी गॅरेजातच. त्यांना रडू यायचं तेव्हा त्या पदर नीट करायच्या. आता त्यांनी तो तीनदा नीट केला.

"मग हिचीच नक्कल न्या," मिस्त्री म्हणाले. "फायबरची बॉडी, साच्यातनं काढलेली. आत ऑटोमॅटिक पहिल्यापासनंच."

मागच्या शेडमध्ये ती उभी होती. तोच रंग, दारावर तोच ओरखडा, काचेशी दत्ताची तीच तसबीर, तिला आज सकाळीच घातलेला झेंडूचा हार. नलिनीबाईंनी सीटवर हात ठेवला. सीट गरम होती.

"हिच्यात कोण बसलं होतं?"

"तुमीच की. सकाळी ट्रायल घेतली न्हाई का?"

"मी तर पहिल्यांदाच येतेय इकडे."

"आता नक्कल म्हटल्यावर एवढं चालायचंच, काकू."

"देवाला नक्कल नको," त्या म्हणाल्या आणि मागे न बघता बाहेर आल्या.

उरली पुरी ऑटोमॅटिक. तिच्यासाठी गाडीचा तळ कापावा लागला. पत्रा कापताना लोखंडाचा कीस पडला नाही, गव्हाचं पीठ पडलं. मिस्त्रींनी ते फुंकरीने उडवलं आणि काम चालू ठेवलं. पाच वाजून गेले. फोन दोनदा वाजला. पलीकडून नुसता श्वास.

"बसली," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "क्लचबी ठेवलाय, तुमच्या शब्दाखातर. पर एक सांगून ठेवतो, गाडी आता त्याच्यासाठी थांबायची न्हाई."

नलिनीबाईंनी चपला काढल्या, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पेठ मागे पडली, नाका मागे पडला. डावा पाय रिकामा लोंबत होता. एका पायाने येते, असं त्या बोलल्या नव्हत्या. चढाची सुरुवात आली, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग सोडलं, पदर खोचला आणि पेडलांमधून खाली बोळात उतरल्या.

आधी रबरी मॅट होती, मग उघडा पत्रा, मग खडी. वाट चढणीची होती. गुडघा ठणकत होता. त्या नाम घेत चालत राहिल्या. मागे गिअर आपोआप बदलल्याचा आवाज आला, एकदा, मग दुसऱ्यांदा. वळून पाहिलं तर स्टिअरिंग बांगडीएवढं झालं होतं, आणि पुढच्या काचेत नखाएवढी दत्ताची कमान जवळ येत होती. त्या भरभर चालू लागल्या.

पेडल परातीएवढं झालं, मग दाराएवढं. त्यांनी डावा पाय उचलून त्यावर टेकवला आणि सगळा भार दिला. दूर मागे गाडी थांबली. तिचं दार उघडलं, देवळातली घंटा वाजली, दार पुन्हा लागलं. मग सीटवर राहिलेला फोन वाजला, कुणीतरी तो उचलला, आणि बोळभर रंगनाथरावांचा आवाज आला, स्वच्छ, नऊ महिन्यांत न ऐकलेला.

"नलू."

नलिनीबाईंनी तोंड उघडलं. त्याआधीच ड्रायव्हरच्या सीटवरून त्यांच्याच मऊ आवाजात कुणीतरी म्हणालं, "ओ. लागला हं दिवा. आता निघतेच."