चपटी टिकली

काडतूस उडाल्यावर मागे राहिलेली पितळी पुंगळी हातात घेतली, की तिच्या बुडाशी मधोमध एक लहान गोल टिकली दिसते. चाप ओढल्यावर ठोका बसतो तो या टिकलीवर. ठोक्याचा खळगा सगळेच पाहतात. टिकलीच्या कडेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. कड गोलसर राहिली असेल, तर आत भरलेली दारू बेताची होती. कड चेपून पितळेशी सपाट झाली असेल, तर आतला दाब नको इतका वाढला होता. त्या वेळी निभावले, एवढेच.

डोरिन ही कड पाहणाऱ्यांपैकी होती.

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. माझ्याकडून कोणाचाही जीव गेलेला नाही, हे आधीच सांगते, कारण माझ्या जातीबद्दल लोक तेच पहिल्यांदा विचारतात. मोंटानाच्या माळावर हजार यार्डांवर उभ्या केलेल्या कागदावरचे काळे वर्तुळ, एवढेच माझे जग होते. ते वर्तुळ मला बरीच वर्षे पुरले.

पोलादाच्या भरीव कांबीतून माझी नळी कोरली गेली. नळीत आतून मळसूत्री खाचा पाडल्या. त्या खाचा गोळीला फिरवतात आणि फिरत जाणारी गोळी आपली वाट सोडत नाही. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. शिंप्याने कोटाचे माप घ्यावे तसे कारागिराने हार्लनच्या हाताचे, खांद्याचे आणि गालाचे माप घेतले होते. हार्लन उंच, लांब हातांचा माणूस. कुरणांवरच्या पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करत तो जिल्हाभर हिंडायचा. त्याचा गाल टेकून टेकून दस्त्यावर एक फिकट डाग पडला. माझ्या अंगावरची तीच काय ती नक्षी.

डोरिन त्याची बायको. गावाच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती काम करत असे. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. सुरुवातीला दोघांत मी एकटीच होते. हार्लनच्या मापाचा दस्ता तिला लांब पडे. तरी ती छातीखाली उशीची घडी घालून झोपायची आणि नेम धरायची. संध्याकाळी तिच्या खांद्यावर काळानिळा वण उठलेला असे.

मग एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोरिनच्या वेगळ्या रायफलीवरून वाद झाला. चिलीचे, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचे, पातेले मध्ये होते, आणि पलीकडे गस बसला होता. गस म्हणजे त्यांचा शेजारी. निवृत्त इंजिन ड्रायव्हर, आणि आमच्या नेमबाजीच्या मैदानाचा प्रमुख.

"एका घरात एकच काडतूस," हार्लन म्हणाला. "एकच पुंगळी, एकच दारू, एकच साचा. घरी काडतुसं भरताना डोळे मिटून काम होतं."

"डोळे मिटून काम करणाऱ्याशी मी लग्न केलेलं नाही," डोरिन म्हणाली. "माझा खांदा बघ. वांगं झालंय त्याचं."

"खरं आहे तिचं," गस म्हणाला. "तुला तो धक्का म्हणजे गुदगुल्या, हार्लन. ही एक दिवस उडून मागच्या ट्रकमध्ये जाऊन पडेल."

"तू नको शिकवू. तुला तोफेचासुद्धा धक्का कळायचा नाही. मध्ये केवढी चरबी आहे."

"ती चरबी नाही. तुझ्या बायकोच्या हातची चिली आहे ती."

डोरिनने घाई केली नाही. तिने पुष्कळ वाचले, ओळखीच्यांच्या रायफली मागून घेऊन झाडून पाहिल्या, आणि शेवटी तोडगा काढला. माझ्याच काडतुसाची पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून बारीक करायची आणि तिच्यात सडपातळ गोळी बसवायची. असे काडतूस बाजारात होतेच; त्याची रायफल तिने स्वतःसाठी मागवली. त्याचा धक्का कमी आणि वाऱ्यात ते भरकटतही कमी. माझे नाव तीनशे आठ, त्याचे दोनशे साठ.

"म्हणजे आपल्याच घरातलं की!" हार्लन खूश झाला. "पुंगळ्या त्याच."

"त्याच. आणि घोटाळाही तिथेच आहे," डोरिन म्हणाली. "तुझं काडतूस माझ्या रायफलीत शिरणार नाही. पण माझं तुझ्या रायफलीत सहज बसेल. अंग तेच, फक्त मान बारीक. चाप ओढलास की बारीक गोळी जाड नळीतून खडखडत जाईल, मानेपाशी पितळ फाटेल, आणि तापलेला वायू कुठून बाहेर पडेल याचा नेम नाही. तुझा डोळा तिथून वीतभर लांब असतो."

म्हणून त्या दोघांनी एक रीत घातली. मैदानावर इतर जोडप्यांत ती कोणी पाळत नसे. काडतूस आत सरकवण्याआधी ते हातात धरून त्याचे नाव मोठ्याने म्हणायचे. शेजारी झोपलेल्या दुसऱ्याने ते बघायचे आणि "बरोबर" म्हणायचे. "बरोबर" ऐकल्याशिवाय काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा बोल्ट पुढे जायचा नाही.

"तीनशे आठ."

"बरोबर."

"दोनशे साठ."

"बरोबर."

गस त्यांना चिडवायचा. "चर्चमध्येसुद्धा तुम्ही एवढं मन लावून आमेन म्हणत नाही!" पण मी सांगते, त्या दोन शब्दांत त्यांचा अर्धा संसार होता. कधी घरून भांडून आलेले असत, तोंडे फिरवून गवतावर शेजारी शेजारी झोपत. मग हार्लन "तीनशे आठ" म्हणे, डोरिन नाइलाजाने "बरोबर" म्हणे, आणि दुपारपर्यंत दोघे एकाच थर्मासमधली कॉफी पीत असत.

ती आमची चांगली वर्षे. डोरिन दुर्बिणीतून गवताची लव, दूरच्या झेंड्या आणि मातीवरची थरथरणारी हवा पाहून वारा सांगायची. हार्लनला तिच्या शब्दावर शंका येत नसे. आम्ही राज्याची जोडप्यांची स्पर्धा जिंकली, ती लाकडी ढाल दिवाणखान्यात लागली. दर रविवारी हार्लन माझी नळी पुसून लख्ख करी. एकदा ऐन स्पर्धेत एक हरिणी आपल्या दोन पाडसांना घेऊन निशाणांच्या पुढ्यात आली. डोरिन ओरडली, "फायर बंद!" आमच्या मैदानावर हा हक्क सगळ्यांना असतो. नेमबाज असो, प्रेक्षक असो, कोणीही हा शब्द उच्चारला की सगळ्यांनी बोल्ट उघडून मागे सरायचे. का, ते नंतर विचारायचे. त्या दिवशी हरिणीने फार वेळ घेतला. गस म्हणाला, "पुढच्या वर्षी तिच्याकडूनही प्रवेशशुल्क घेऊ."

मग एका वसंतात हार्लनने माझे काडतूस हातात धरून म्हटले, "दोनशे साठ."

डोरिन हसली. "नीट बघ, म्हाताऱ्या."

"तीनशे आठ. तेच म्हणालो ना मी?"

पुन्हा तसे झाले, तेव्हा ती हसली नाही. त्यानंतरच्या एका रविवारी माझ्यातून पडलेली पुंगळी तिने उचलली, उन्हात तिरकी धरली आणि टिकलीची कड पाहिली. कड सपाट होती. काडतुसे हार्लन स्वतः भरत असे. दारूचा कण न् कण तोलणारा म्हणून त्याची ख्याती होती. तिने ती पुंगळी कोटाच्या खिशात टाकली. हळूहळू त्या खिशात बऱ्याच पुंगळ्या जमल्या. ती चालताना त्या किणकिणत, आणि ती खिशावर हात दाबून धरी.

हार्लन केस कापायला गावात गेला, की ती त्याने भरलेली काडतुसे सुटी करायची, स्वतः नव्याने भरायची आणि त्याच्याच डबीत परत ठेवायची. रविवारी गोळी काळ्या वर्तुळात जाई. हार्लन म्हणे, "बघ, हात अजून शाबूत आहे." ती म्हणे, "हो. आहे ना." मी ते ऐकत असे. त्याचा हात चांगला होता ते खरे, पण काडतूस तिचे होते.

माझी नळी आता कोणी पुसत नव्हते. गोळ्यांच्या तांब्याचे पापुद्रे आत साचत गेले. तक्रार म्हणून सांगत नाही. जो माणूस दूध चुलीवर ठेवून कोट घालून निघून जातो, त्याला माझी आठवण कशी राहावी?

हिवाळ्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले, की हा आजार विसरण्याचा आहे आणि तो वाढत जाणार आहे. घरातली शस्त्रे बाहेर काढा, असेही सांगितले. परतताना ट्रकमध्ये मी मागच्या सीटवर होते.

"बर्फ वितळू दे, मग बघू," डोरिन शेवटी म्हणाली. बर्फ वितळला. मग म्हणाली, उन्हाळ्याच्या स्पर्धा होऊ देत.

तिला दोष देऊ नका. स्वयंपाकघरात हार्लनला चमचे कुठे आहेत ते सापडत नसे. पण गवतावर आडवा झाला, गाल माझ्या दस्त्यावरच्या त्या डागावर टेकला, की त्याचा श्वास संथ होई आणि तो पूर्वीचा हार्लन होऊन तिला विचारी, "वारा काय म्हणतोय, डोरी?" आठवड्यातून एकदा तिला तिचा नवरा परत मिळत असे. तो कायमचा सोडून दे, असे तिला कोण सांगणार?

आता जे सांगते, ते सांगायला मला जड जाते. मे महिन्यात एका सकाळी डोरिन अंगणात चादरी वाळत घालत होती. कपाट उघडे राहिले होते. हार्लनने मला बाहेर काढले, पायरीवर बसला आणि माझ्या नळीवर बसवलेल्या दुर्बिणीतून तिच्याकडे पाहू लागला. काचेतला उजेडाचा ठिपका तिच्या चेहऱ्यावरून सरकला असावा, कारण ती वळली.

"आमच्या अंगणात कोण बाई आहे?" त्याने मोठ्याने विचारले. आवाजात राग नव्हता. भीती होती.

माझे पोट रिकामे होते. पण ते फक्त मला ठाऊक होते.

डोरिन जागची हलली नाही. तिने हातातली चादर दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या आणि रोजच्या आवाजात विचारले, "काडतूस कुठलं, हार्लन?"

तो थबकला. त्याचा हात आपोआप बोल्टकडे गेला. त्याने बोल्ट उघडला, आत बोट घालून पाहिले.

"काहीच नाही. रिकामी."

"बरोबर," डोरिन म्हणाली.

त्याने मला खाली ठेवले. ती पायरीवर त्याच्याशेजारी येऊन बसली. दोरीकडे बघत तो म्हणाला, "चादरी सुंदर वाळतील आज. वारा चांगला आहे." त्या दिवसापासून कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात असे. पण मी कपाटात होते. घरातच होते.

सप्टेंबरच्या स्पर्धेच्या दिवशी माळ पिवळा पडला होता. डोरिनने स्वतः भरलेली डबी हार्लनच्या चटईशी ठेवली, आणि दुर्बीण लावायला ती जरा पुढे गेली. तेवढ्यात हार्लन ट्रकपाशी जाऊन आला. पेपरमिंटच्या गोळ्या ठेवाव्यात तशी मूठभर काडतुसे त्याने शर्टाच्या खिशात टाकली. ट्रकमधल्या डोरिनच्या, दोनशे साठच्या डबीतली.

गसने इशारा दिला. सगळे आडवे झाले. हार्लनने चटईशी ठेवलेल्या डबीकडे पाहिलेही नाही. खिशातून एक काडतूस काढून त्याने म्हटले, "तीनशे आठ."

शब्द बरोबर होता. हातात मात्र बारीक मानेचे काडतूस होते.

"दाखव," डोरिन म्हणाली.

"काय दाखवायचंय? वारा पडलाय, डोरी. बरोबर म्हण." आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याने ते माझ्यात सरकवले आणि बोल्ट बंद केला.

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. ते काडतूस माझ्यात आपल्याच घरात आल्यासारखे बसले. आम्हा वस्तूंना शहाणपण नसते. ते वापरणाऱ्याकडून उसने घ्यावे लागते, आणि त्याच्याकडचे संपले, तर शेजारच्याने पुढे व्हावे लागते. तुमच्या घरी कोणाचे काही चुकताना दिसले, ती कड चेपलेली दिसली, तर ती खिशात टाकून ठेवू नका. खिसा कितीही खोल असला, तरी तो भरतो.

हार्लनचा गाल डागावर टेकला. श्वास संथ झाला. बोट चापावर आले.

"फायर बंद!"

डोरिनचा आवाज माळभर गेला. रांगेतले सगळे बोल्ट उघडले. हार्लनचाही उघडला. बाकी सारे विसरणाऱ्या त्या हाताला हा शब्द आठवत होता. माझ्यातून पडलेले काडतूस गवतात चमकले.

गस कपाळावर हात धरून दूर पाहत होता. "कुठे आहे? हरीण दिसत नाही मला."

"हरीण नाही, गस."

डोरिन गुडघ्यांवर बसली. तिने गवतातले काडतूस उचलून कोटाच्या खिशात टाकले नाही. तळहातावर सगळ्यांना दिसेल असे धरले.

"मी तीनशे आठ म्हणालो," हार्लन म्हणाला. "म्हणालो ना, डोरी?"

"म्हणालास. शब्द बरोबर होता." तिने दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "हार्लन, ही तुझी शेवटची स्पर्धा होती, आणि माझीही. दोन्ही रायफली आज गसच्या ट्रकमधून जातील, आणि आपल्या घरी परत येणार नाहीत."