पेन्सिलीखालचा चेहरा

सुंदरम्माच्या हातात रिटचिंगची पेन्सिल आली ती लग्नानंतर. तिच्या नवऱ्याचा, महादेवप्पाचा, सोलापुरात नवी पेठेत फोटो स्टुडिओ होता. फोटो तो काढी आणि निगेटिव्हवरचं बारीक काम बाळीवेशीतल्या घरी खिडकीपाशी बसून ती करी. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ठिपके देत जायचं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरली, तिथे छापलेल्या फोटोत चेहरा उजळ येई. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, उन्हाने रापलेली कातडी, सगळं तिच्या हाताखाली निवळून जाई. लहान मुलांच्या फोटोंवर तर तिचा विशेष जीव होता. पोराचं रूप खुलवावं ते महादेवप्पाच्या स्टुडिओने, असं गिऱ्हाईकं म्हणत, आणि महादेवप्पा ते घरी येऊन तिला सांगे.

त्या मुलांना तिने प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नसे. तिच्यापर्यंत ती निगेटिव्हमधून, उलट्या रंगांतच यायची: केस पांढरे, दात काळे. तिला त्याचं काही वाटत नसे. चेहरा म्हणजे काम होतं, आणि काम तिला छान जमत होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जवळच्या कुंभारी गावच्या ईश्वरप्पाची चार वर्षांची मुलगी हरवली. नाव शिवलीला. आई निंगव्वा बांगड्या भरायला बसली, पोर पाळण्याकडे बघत शेजारी उभी होती, आणि हात मोकळा करून निंगव्वा वळते तो पोर नाही. रात्रभर माणसं यात्रा धुंडाळत होती. सकाळी ईश्वरप्पा स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसला. पोरीचा एकुलता एक फोटो दिवाळीत तिथेच काढलेला होता. महादेवप्पाने पैशाचं नावही न काढता दुपारपर्यंत प्रती करून दिल्या. एक पोलिसांत गेली, बाकीच्या एसटीच्या ड्रायव्हरांनी नेऊन ठिकठिकाणच्या स्टँडवर लावल्या.

आठवडा उलटला. काही कळलं नाही. एका दुपारी महादेवप्पा जेवायला घरी आला असताना निंगव्वा पत्ता विचारत घरी आली. डोळे सुजलेले, हातात तोच फोटो. सुंदरम्माने तिला आत बसवून पाणी दिलं. ती कानडीत आणि मराठीत मिळून बोलत होती. ती सांगत होती की लोक भले आहेत, थांबतात, फोटो हातात घेतात, काही खूण आहे का म्हणून विचारतात. खूण आहे असं ती सांगते. मग लोक फोटोत बघतात आणि तिच्याकडे बघतात.

"तानी असताना बिब्बा घातला हुता," ती म्हणाली. "गालावर एवढा काळा डाग हाय तिच्या. फोटूत कुटं गेला वो?"

महादेवप्पा ताटावरून उठला नाही, पण त्याचा घासही पुढे गेला नाही. सुंदरम्माला तो गाल आठवला. दिवाळीच्या गर्दीत त्या एका डागावर तिची अख्खी सकाळ गेली होती. कडा शेजारच्या कातडीत मिसळत नव्हत्या, म्हणून तिने पुन्हा पुन्हा ठिपके दिले होते, आणि शेवटी फोटो छापून आला तेव्हा डाग कुठे होता ते तिचं तिलाही सापडलं नव्हतं. त्या दिवशी ती स्वतःवर खूश होती.

ती निंगव्वाला म्हणाली, "मी पुसला. माझ्या हाताने."

निंगव्वाला ते नीट कळलं नसावं. सुंदरम्माने पदर खोचला आणि नवऱ्याला ती निगेटिव्ह काढायला सांगितली. महादेवप्पाने तिला बाजूला घेऊन समजावलं की इतकी मेहनत पुसली तर पुन्हा तशी जमायची नाही, शिवाय शोधायला पोलीस आहेत, त्यांना डागाचं तोंडी सांगितलेलं आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? माणूस फोटोच बघतो."

त्या दुपारी निंगव्वाला बरोबर घेऊन ती पहिल्यांदा स्टुडिओत काम करायला गेली. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून तिने निगेटिव्हवरून फिरवलं. पेन्सिल निघत गेली आणि गालावरचा डाग वर आला. डोळ्यांखालची सावली आली. मूळ रंगही आला, सावळा. निगेटिव्हवर तिने खरवडायचा चाकू कुठे चालवला नव्हता हे नशीब. खरवडलेलं परत येत नाही.

मग तिने सबंध फोटो बघितला आणि तिला तो आणखी वेगळा दिसला. पोर उंच स्टुलावर बसवलेली, मागे तळ्याचा पडदा, अंगात स्टुडिओचा झालरीचा फ्रॉक, हातात प्लॅस्टिकचा टेलिफोन. इतक्या थाटात चेहरा केवढा, तर बोराएवढा. ती म्हणाली, पडदा नको, फ्रॉक नको, फक्त चेहरा मोठा करा, आणि उजळ छापू नका, गडद छापा. महादेवप्पाने अंधाऱ्या खोलीत तसं करून दिलं. कागद पाण्यात असतानाच निंगव्वा पुढे झाली. तिने बोट लावलं नाही. "हीच," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

नव्या प्रती संध्याकाळच्या गाड्यांनी गेल्या.

टेंभुर्णीच्या स्टँडवर गोजरबाई नावाची एक म्हातारी रोज शेंगा विकायला बसे. यात्रेहून परतताना सोलापूरच्या स्टँडवर तिला एक रडणारी पोर भेटली होती. पोरीला मराठी धड येईना. गाव विचारलं की ती कुंभारीला बोबडं "तुंबाली" म्हणे. म्हातारीने ते टेंभुर्णी ऐकलं, आपल्याच गावची म्हणून कडेवर घेतलं आणि गाडीत बसली. गावात कुणीच ओळख देईना तेव्हा तिने पोलीस पाटलाच्या कानावरही घातलं होतं. पहिला फोटो स्टँडवर लागला तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली होती, आणि कुणा सावकाराची गोरी लेक हरवली बिचारी, असं म्हणून शेंगांच्या टोपलीकडे वळली होती. दुसरा फोटो लागला त्या सकाळी मात्र तिने टोपली तिथेच टाकली आणि कंट्रोलरच्या खोलीत शिरली. "ही माझ्या घरात हाय," ती म्हणाली. "तिच्या आईला सांगा, जेवतीया चांगली."

पोर घरी आल्यावर काही दिवसांनी ईश्वरप्पा आणि निंगव्वा तिला घेऊन स्टुडिओत आले. सुंदरम्मा मुद्दाम थांबली होती. तिने पोरीला पहिल्यांदा पाहिलं ते पायरी चढताना: एका हाताने परकर धरून, जीभ बाहेर काढून. तिने गुडघ्यावर बसून तिच्या गालावर हात ठेवला. पोरीने मान मागे घेतली आणि आईच्या पदरात शिरली.

ईश्वरप्पाला नवा फोटो हवा होता. सुंदरम्माने पोरीला स्टुलावर चढवू दिलं नाही. दाराच्या उजेडात सतरंजी टाकून आईजवळ बसवलं आणि महादेवप्पाला कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं. तो कुरकुरला, पण मांडी घालून बसला. पोर रस्त्यावरचं काहीतरी बघून हसली तेव्हा त्याने बटण दाबलं.

निघताना ईश्वरप्पा जरा घुटमळला. मग म्हणाला की भिंतीवर लावायचा आहे, पाहुणे येतात, पुढे मुलीचं लग्नकार्य निघेल, तेव्हा तो डाग जमला तर तेवढा...

सुंदरम्माला वाटलं होतं की आता हे कुणी मागणार नाही. पण हा बाप आठवडाभर अनवाणी फिरला होता, त्याला शिकवण्याइतकी ती मोठी नव्हती.

"फिका करते," ती म्हणाली. "पुसत नाही."

ईश्वरप्पाने निंगव्वाकडे बघितलं. निंगव्वा म्हणाली की घरच्यासाठी तसा चालेल. पण एक प्रत काही न करता द्या, ती टेंभुर्णीला पाठवायची आहे. म्हातारी रोज पोरीची आठवण काढते म्हणे.

त्या वर्षापासून सुंदरम्मा सकाळी स्टुडिओत जाऊन बसू लागली. मूल आलं की आधी त्याला जरा खेळू देई, बघून घेई, आणि मग आईला विचारी: याच्या चेहऱ्यावरचं काय ठेवायचं? बऱ्याच बायकांना प्रश्नच कळत नसे. काही चिडत, चार घरं दुसऱ्या स्टुडिओकडेही गेली, आणि महादेवप्पा ते तिला संध्याकाळी ऐकवी. एखादी आई मात्र थांबून पोराकडे नीट बघे, जणू कुणी पहिल्यांदाच तिला तसं बघायला सांगितलं होतं, आणि मग सावकाश एकेक सांगू लागे.