क्रमांक सत्तेचाळीसचं श्राद्ध

आमच्या प्रयोगशाळेत दर नोव्हेंबरात जिवाणूंचं श्राद्ध असतं. वर्षभरात आपण मारलेल्यांसाठी. मागच्या आवारात एक दगड आहे. बौद्ध मठातले गुरुजी येतात, प्रजातींची यादी वाचतात, मग सगळ्यांना पुरणाचे वाफवलेले बन मिळतात. यंदा यादी मी टाइप केली. चौतीस नावं आणि शेवटी 'क्र. ४७'.

४७ माझा. मार्चमध्ये वडील गेले, तेव्हा दहन आटपून परतताना मी त्यांच्या परसातल्या ढिगातून डबाभर कंपोस्ट आणलं. ट्रेनमध्ये वास सुटला, पण माझा काळा टाय बघून कुणी काही बोललं नाही. त्यातून हा जिवाणू निघाला. पंचावन्न अंशांवर मजेत वाढायचा. ओळखीच्या प्रजातींशी त्याचं जनुक ९७.९ टक्केच जुळलं; ९८.७च्या खाली म्हणजे बहुधा नवी प्रजाती. नव्याला नाव देता येतं. मी वडिलांचं देणार होतो. फक्त त्याआधी जिवंत नमुना दोन देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावा लागतो.

ऑगस्टात, ओबोनच्या सणाला, मेलेले घरी येतात म्हणून मीही घरी गेलो. जाताना ४७ला फ्रिजमध्ये ठेवलं, सुरक्षित राहावा म्हणून. घरी ढिगाच्या जागी काँक्रीट होतं.

"तुझी गाडी लावायला," आई म्हणाली.

माझ्याकडे गाडी नाही.

परत आलो तर ४७ गेलेला. पाच वेळा लावून पाहिला, काही उगवलं नाही.

"उबदार ओकिनावाच्या माणसाला होक्काइदोच्या बर्फात उघड्यावर झोपवलंस की रे," तंत्रज्ञ उकाईताई म्हणाल्या.

श्राद्धाला गुरुजी यादीच्या शेवटी अडले.

"हा तर नंबर आहे."

"नाव द्यायचं राहिलं, गुरुजी. आता देता येत नाही. जिवंत लागतो."

"आमच्याकडे उलट. आम्ही मेल्यावरच नवं नाव देतो." त्यांनी बाहीतून ब्रशपेन काढलं. "कसा होता?"

"गरम जागी राहायचा. पानं, भाजीची सालं खायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"काय ठेवणार होतास?"

"तोकुजी. वडिलांचं."

गुरुजींनी त्यातलं पहिलं अक्षर घेऊन नवं नाव लिहिलं आणि सपाट आवाजात वाचलं, "तोकु, ऊब, परसदार, श्रद्धावान गृहस्थ."

सगळे वाकले. मीही. वडिलांच्या वेळी रडू आलं नव्हतं, आताही नाही. बन घेतला. मग खिशातली हात शेकायची, आपोआप गरम होणारी पुडी काढून दगडाशी ठेवली.

"आता काय उपयोग तिचा?" उकाईताई म्हणाल्या.

"पाकिटावर 'बारा तास ऊब' लिहिलंय," मी म्हणालो.