शंभराची बाकी

मास्तरांचा एक नियम होता आणि पस्तीस वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता: ज्याच्याशी व्यवहार चालू ठेवायचा, त्याचा हिशोब पुरता मिटवायचा नाही. हा कंजूषपणा नव्हे आणि बुडवेगिरी तर मुळीच नव्हे. त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता त्या अरुंद गल्लीत सगळेच असे वागत. कागदवाल्या शेठकडून रिमे घ्यावीत, महिनाअखेरीला पैसे मोजून द्यावेत आणि शंभराची एक नोट तेवढी खिशात राखून उठावे. ‘मी परत येणार आहे’ एवढाच त्या नोटेचा निरोप असे. पुरता हिशोब मिटवणारा आजवर एकच निघाला होता, खोकी बनवणारा. आणि त्याने तो मिटवला त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावून तो निघून गेला होता.

शेठकडे न मिळणारे पुठ्ठे आणि बांधणीचे कापड थेट गिरणीतून मागवता यावे, म्हणून गेल्या वर्षी सुनेने आपल्या नावाचे क्रेडिट कार्ड मास्तरांच्या हाती दिले. मास्तर दर महिन्याला शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी बँकेत जात, बिलातला शेवटचा आकडा पाहत, त्यातून शंभर वजा करून बाकीची रक्कम भरत आणि पावती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत. बँकेसारख्या मोठ्या आसामीशी एकदम तोडून टाकणे त्यांना उद्धटपणाचे वाटले असते. उशिराचा दंड एकदाही लागला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता.

सून इस्पितळात कारकून होती. खिळ्यावरच्या पावत्या वाढताना दिसत, तेवढ्यावर तिचे समाधान होई. परंतु कॉलेजच्या ग्रंथालयाने तीनशे ग्रंथ बांधायला दिले, त्यांच्या कागदासाठी बाजूला पडायला हवी होती ती रक्कम काही केल्या सापडेना, आणि तेव्हा तिने वर्षभराची बिले एकत्र उघडली. चौदा हजार सहाशे व्याजात गेले होते. कामाला सोमवारी हात लावला नाही तर ग्रंथालय ते दुसऱ्याला देणार होते, आणि त्या कामावाचून कारखान्याचे पुढचे भाडे निघणार नव्हते.

मास्तरांना प्रथम ही बँकेची चूक वाटली. शंभरावर व्याज लागून लागून किती लागेल, असे त्यांनी विचारले.

“बाबा, व्याज शंभरावर नाही लागत. शंभर ठेवलेत म्हणून सगळ्या खरेदीवर लागतं, घेतलं त्या दिवसापासून. आणि पुढे जे घ्याल त्यालाही एका दिवसाची सूट नाही. पंचेचाळीस दिवस बिनव्याजी मिळतात ते सगळं फेडणाऱ्याला.”

मास्तर वादात मागे हटणारे नव्हते. तीस हजारांतले एकोणतीस हजार नऊशे ज्याने वेळेवर दिले, त्याला काहीच न देणाऱ्याच्या पंक्तीला बसवणे हा कुठला न्याय, असे त्यांनी पुष्कळ सुनावले. आणि हे लिहिले आहे तरी कुठे, असा शेवटचा खडा टाकला. सुनेने बिल उलटून दाखवले. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, सगळे लिहिलेले होते. जन्मभर पाने शिवणाऱ्या माणसाने हे एक पान उलटून पाहिले नव्हते.

“मला विचारलं का नाहीत?”

“त्यात विचारायचं काय? माणसाशी कसं वागायचं हे कुणी विचारतं का?”

“तिथे माणूस नाहीये, बाबा.”

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही. तिने होते नव्हते ते गोळा करून कार्डाची सगळी रक्कम भरली, पुढच्या बिलात मागचे थोडे व्याज आणखी येईल, तेही पैन्‌पै भरायचे, हे समजावले, आणि यापुढे पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सोय बँकेत करून ठेवली.

आता कागद उधारीवरच आणणे भाग होते, आणि उधारी देणारा शेठ एकच. शुक्रवारी सकाळी मास्तरांनी निरोप धाडला. उत्तर आले: आधी रोख, मग कागद. मास्तरांना ते खरे वाटेना. सुनेला मात्र लगेच उमगले आणि तिचा चेहरा उतरला. परवा कार्डाबरोबरच तिने शेठचे शंभरही फोनवरून देऊन टाकले होते. कुठेच बाकी नको, एवढाच तिचा विचार होता.

मास्तरांनी हातातला कागद कापायचा सुरा खाली ठेवला आणि चपला घातल्या.

शेठ गल्ल्यावर बसला होता. पस्तीस वर्षे अरे-तुरे करणारा हा माणूस आज मान वर करून म्हणाला, “या, बसा. नवीन गिऱ्हाईक का तुम्ही?”

मास्तर उभेच राहिले.

“दुसरीकडे स्वस्त मिळतंय तर मिळू दे,” शेठ म्हणाला. “पण हिशोब सांगून तरी मिटवायचा होतात. तुम्ही काय खोकीवाले आहात, पोरीकडून पैसे धाडून तोंड लपवायला?”

तोंड लपवावे असे मास्तरांना त्या क्षणी खरोखर वाटले. परंतु सुनेवर ढकलून मोकळे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी सगळे सांगितले: कार्ड, दर महिन्याचे शंभर, न उलटलेले पान, चौदा हजार सहाशे. शेठ हसेल आणि हसण्यात राग जाईल, अशी त्यांची अटकळ होती.

शेठ हसला नाही. त्याने खालचा खण ओढला, दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढला आणि मास्तरांपुढे ठेवला. तीही कार्डाचीच बिले होती, चार वर्षांची.

“मी दोनशे ठेवतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “दुकान मोठं, शोभायला नको?”

कुठे पाहायचे ते मास्तरांना आता ठाऊक होते. त्यांनी वरचे बिल घेतले, नेमक्या ओळीखाली बोट धरले. एका महिन्याचे सात हजार होते. रिमांचे ताव तोंडी सांगणाऱ्या शेठला चार वर्षांचा गुणाकार करायला कागद लागला नाही. त्याचे ओठ हलले आणि थांबले.

मग शेठने वही उघडली, कोऱ्या पानावर मास्तरांचे नाव घातले.

“कागद घेऊन जा तू. आणि सुनेला उद्या पाठव. दुपारी, दुकानातली पोरं जेवायला गेलेली असतात तेव्हा.”

मास्तरांनी मान हलवली. सोमवार साधला होता, तरी त्यांना हायसे वाटले नाही. शेठने रिमे मोजून हातगाडीवर ठेवली. मग, पस्तीस वर्षांत प्रथमच, त्याने ती पुन्हा एकदा मोजली.