डब्याची आंधळी काच

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, मोडक्या स्टुलाच्या शेजारी एक जाडजूड पोलादी डबा पडलेला दिसतो ना, तो मी. आता माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. परवा तर कुणीतरी माझ्यावर ओली छत्री ठेवून गेलं. पण एके काळी मी तापायला लागलो की माणसं बोलायची थांबत. म्हणून माझी हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म लेथ यंत्रावर लोखंड कातणाऱ्या एका कारखान्यात झाला. कारागिराने सबंध ठोकळ्यातून मला कातून काढलं. दोन बोटं जाड भिंती, झाकणाला चौफेर बोल्ट आणि पोटाला गोल काचेची खिडकी. शेवटचा हात फिरवून तो म्हणाला, "याच्या पोटात काहीही घाला, हा ब्र काढणार नाही." ती मला मिळालेली पहिली शाबासकी, आणि मी तिला जन्मभर जागलो.

माझं काम ऐकाल तर चकित व्हाल. फोनमध्ये किंवा दुचाकीत असते तशी बॅटरी माझ्या पोटात ठेवायची, झाकण आवळायचं, आतली हवा काढून घ्यायची आणि नायट्रोजन भरायचा, म्हणजे आत भडका उडायला प्राणवायूच उरत नसे. मग माणसं भिंतीपलीकडच्या खोलीत जायची आणि तिथून मला हळूहळू तापवायची. बॅटरी आधी फुगायची, मग तिची शिवण उसवायची आणि फस्सकन पांढरं धुकं बाहेर पडायचं. त्यातला चिमूटभर गॅस बारीक नळीतून तपासणीच्या यंत्राकडे जायचा आणि त्यात काय काय आहे ते यंत्र सांगायचं. उरलेला गॅस पाण्याच्या बाटल्यांतून धुऊन मगच धुराड्यात सोडत. मला उघडायची घाई कुणी करत नसे. दाबाचा काटा शून्यावर आला तरी पुन्हा नायट्रोजन सोडून माझं पोट साफ करत. आणि झाकण ज्याने लावलं, त्यानेच ते काढायचं, असा तिथला रिवाज होता.

बहुतेक वेळा झाकण ताई लावत. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना ताई म्हणत. डोक्यावर चष्मा ठेवून तोच खोलीभर शोधणाऱ्या या बाई, पण माझ्या एकाही बोल्टचा त्यांना कधी विसर पडला नाही. हक्काने ताई म्हणणारा मात्र एकच, त्यांचा धाकटा भाऊ. तो अग्निशमन दलात होता. संध्याकाळी त्यांना घरी न्यायला यायचा आणि दारात उभा राहून खोकायचा. ताईंचा सगळा जीव त्या खोकल्यात अडकलेला असे.

कारण तो खोकला कशाने जडला, ते त्यांना ठाऊक होतं. दलातली एक जुनी सवय होती. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की तोंडावरचा मास्क उतरवायचा. पाठीवर हवेची जड टाकी, मास्कमध्ये घामाच्या धारा, तेव्हा कधी एकदा तो काढतो असं होऊन जाई. ताई कळवळून सांगत, की बॅटऱ्यांचं तसं नसतं. आग विझली तरी त्या आतून धुमसतात आणि विष सोडत राहतात.

"ताई, ती वाफ असते गं. आम्ही रोज बघतो," तो हसून म्हणायचा.

त्यांनी त्याला माझ्या चाचण्यांचे आलेख दाखवले. कार्बन मोनॉक्साइड आहे, त्याला वासही नसतो. दुसरा एक गॅस आहे, तो ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं, आणि छातीत तर सगळा ओलावाच. त्याने मान हलवली आणि "बरं, बघू" म्हणाला. त्या "बघू"चा अर्थ मला पोलादालाही कळला.

मग एका इमारतीच्या तळघरात उभ्या असलेल्या विजेच्या दुचाकी पेटल्या. पुढचं मी ताईंच्या तोंडून ऐकलं. आग लवकर आटोक्यात आली. भाऊ पाण्याचा पाइप गुंडाळायला वर गेला. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे पैलवान म्हणत, शेवटची दुचाकी ओढून काढायला खाली थांबला. कमरेइतकं पांढरं धुकं साचलेलं होतं. पैलवान वर आला नाही. सापडला तेव्हा मास्क त्याच्या गळ्यात लोंबत होता.

काही दिवसांनी भाऊ आला. या वेळी तो दारात थांबला नाही.

"त्याने छातीत काय घेतलं, ते मला बघायचंय," तो म्हणाला.

ताईंनी तसलीच बॅटरी माझ्या पोटात ठेवली. दोघं पलीकडच्या खोलीत, माझ्या खिडकीवर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली. पडद्यावर नुसता दुधी पांढरेपणा दिसत होता. मी अजून तापलोही नव्हतो.

"ताई, कॅमेरा पूस की," तो म्हणाला.

"कॅमेरा स्वच्छ आहे रे. काच गेलीय."

त्या दिवशीची चाचणी ताईंनी पुरी केली. माझं पोट साफ झाल्यावर त्यांनी हातमोजे घालून माझी काच काढली, धुतली, कोरडी केली आणि भावाच्या हातात दिली. त्याने ती सदऱ्याने पुसली. पुन्हा पुसली. मग आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. ती खरखरीत लागली.

"नवी होती तेव्हा आरपार दिसायचं," ताई म्हणाल्या. "ओलाव्यात ज्याचं आम्ल होतं ना, त्या गॅसने खाल्लीय."

"काच?"

"हो. काच."

त्याने पुन्हा एकदा काचेवरून बोट फिरवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पैलवानाला मीच म्हणालो होतो. काढ आता मास्क, झालं."

ताईंनी त्याचा काच धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तू तरी काढू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. मला अश्रू नाहीत, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

ती काच त्याने मागून नेली. अग्निशमन दलाच्या ठाण्यात मास्क टांगतात त्या खुंट्यांशेजारी त्याने ती लावली आहे. आगीवर निघणारा प्रत्येकजण आधी तिच्यावरून बोट फिरवतो. आता मोकळ्या हवेत येईपर्यंत तिथे कुणी मास्क काढत नाही. भावाचा खोकला गेला नाही, जाणारही नाही. पण तो वाढलेला नाही, आणि ताईंना तेवढंही पुष्कळ वाटतं.

माझ्या जागी नवा डबा आला. खिडकीच्या भोकावर पत्रा ठोकून मला कोपऱ्यात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी बॅटरी फुगली, तापली, तर तिला टोचू नका, वाकून वास घेऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बंबाला बोलवा. आग दिसेनाशी झाली म्हणून परत आत जाऊ नका. आणि जमलं तर माझ्यावरची ती छत्रीही उचला, पोलादाला गंज चढतो.

मला आता दिसत नाही. पण रस्त्यावरून बंबाची घंटा घणघणत गेली की मी ओळखतो, आत्ताच कुणीतरी माझ्या काचेवरून बोट फिरवलं आणि मास्कचा पट्टा आवळला.