न कापलेली पानं

बाइंडरच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. घरात दोन गळे आळीपाळीनं ओरडायचे, कुणाच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही, म्हणून त्याची आत्या दुपारची झोपायला दुकानात येऊ लागली होती. ती आली नसती तर ते पुस्तक आलं तसं परत गेलं असतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराला घंटी, मधे पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खिडकीखाली कामाचं टेबल आणि त्यावर खळीचा डबा. गिऱ्हाइकांत सगळ्यांत जुने नकाशेवाले साहेब. जुन्या सफरींची, मोहिमांची, लढायांची पुस्तकं जमवायचा त्यांना नाद. "चार खोल्या पुस्तकांच्या, पाचवीत बायको," असं ते स्वतःच हसून सांगत.

सहा दिवसांपूर्वी साहेबांनी एक पुस्तक आणलं होतं. बर्फाच्या डोंगरांपलीकडे वाट शोधायला गेलेल्या मोहिमेची हकिगत, मोहिमेच्या म्होरक्यानं स्वतः लिहिलेली. छापली त्याच वर्षी गोदामाला आग लागली आणि सगळ्या प्रती जळाल्या. साहेबांच्या माहितीत उरलेली ही एकच. आणि तिचीही पानं कापलेली नव्हती.

पूर्वी छापील तावाची घडी घालून तो तसाच शिवत. घेणारा घरी नेऊन सुरीनं घड्या कापी आणि मग वाची. घड्या राहिल्या तर पुष्कळ पानं पिशवीसारखी बंद राहतात, वरून आणि बाजूनं मिटलेली, फक्त खालून उघडी. या पुस्तकात सुरी कधी शिरलीच नव्हती.

"मोठ्या संग्रहात जातंय," साहेब म्हणाले होते. "मापाची पेटी करा. शुक्रवारी पाचला येतो."

बाइंडरनं शीर्षक वाचलं आणि सुरुवातीची पानं उलटली. अनुक्रमणिकेचं पान उघडं होतं. प्रकरण चौदावं : घड्याळाची चोरी.

"साहेब, एक विचारू? यातलं एक प्रकरण वाचता आलं असतं तर..."

"अहो, एकोणीस वर्षं मी स्वतः आत डोकावलेलो नाही. कापलं की किंमत संपली."

"माझे आजोबा होते या मोहिमेत. हमाल."

"असतील," साहेब म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

पाच दिवस बाइंडर गप्प बसला. शुक्रवारी दुपारी पेटीचं अस्तर चिकटवताना त्याला राहवलं नाही आणि त्यानं आत्याला सांगितलं.

आत्या आठ वर्षांची असताना तिचा बाप मोहिमेबरोबर गेला. हमालांना नावं नव्हती, नंबर होते. त्याचा एकतीस. त्याच नंबराचा एक पितळी बिल्ला घरी दिलेला होता. आत्याकडे तो अजून होता, पिशवीत, चष्म्याच्या घराशेजारी. मोहिमेचं घड्याळ वाहायचं काम त्याचं, कारण त्याची चाल सगळ्यांत कमी हिसक्यांची. आणि मग एक पत्र आलं. पोस्टमननंच ते उंबऱ्यात वाचून दाखवलं, शेजाऱ्यांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं. नंबर एकतीस घड्याळ घेऊन पळाला.

बाइंडरचा बाप तेव्हा पाळण्यात होता, त्याला कळत नव्हतं. आत्याला कळत होतं. शाळेत पोरं तिला विचारायची, "किती वाजले गं? घरी घड्याळ आलंय म्हणे!" महिनाभरात तिनं पाटी ठेवून दिली ती दिलीच. अक्षरं शिकली चौतिसाव्या वर्षी, छापखान्यात छपाईचे शिशाचे खिळे वेगळे करायच्या कामावर लागली तेव्हा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ती आधी उलटंच वाचायला शिकली. सुलटं मागाहून आलं. पण आयुष्यात तिनं कुणाला वेळ विचारली नाही. "ऊन कुठवर आलंय?" असंच विचारायची.

"कापू नकोस," सगळं ऐकून ती म्हणाली. "खालून उघडी आहेत ना पानं? आरसा घाल आत. दातवाल्याकडे असतो तसला."

"आरशात उलटं दिसेल, आत्या."

"मग बरंच की."

शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी आरसा दिला. "पुस्तकाच्या दाढा काढताय?" एवढंच त्यांनी विचारलं. बाइंडरनं दाराची कडी लावली. मग त्याला वाटलं, साहेब लवकर आले तर कडी बघून काय समजतील? त्यानं ती काढली. तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या पुस्तकाशी त्यानं असं काही केलं नव्हतं. लोक डोळे मिटून पुस्तकं ठेवून जात, त्यावरच त्याचं दुकान उभं होतं.

दोन वाजता त्यांनी सुरुवात केली. त्यानं घडी चिमटीत धरून अलगद फुगवायची, खालून टॉर्च धरायचा, आणि आत्यानं आरसा सरकवायचा. कागद वाळल्या पानासारखा झाला होता. जरा फुगवला की कुरकुरायचा, आणि त्या आवाजासरशी बाइंडर चिमूट सैल करायचा.

आत्या एकेक ओळ वाचत होती, ओठ हलवत. वादळ. दोन दिवस तंबूत. शिधा संपत आलेला.

"'दोन फेब्रुवारी,'" तिनं वाचलं. "'सकाळी हमालांची मोजणी केली. एकतीस नंबर नाही. घड्याळही नाही. या लोकांवर विश्वास टाकला ही माझी चूक. चोरीचं पत्र खाली पाठवलं.'"

बाइंडरनं टॉर्च खाली केला. पोस्टमननं उंबऱ्यात वाचलं होतं तेच, आता छापील.

"झालं, आत्या. ठेवून देऊ."

"का?"

"कळलं ना आता? पुढं आणखी काय असणार?"

"तू टॉर्च धर."

"पावणेचार झालेत."

"मी विचारलं तुला किती वाजले ते? धर म्हणते ना! सहासष्ट वर्षं थांबलेय मी. मेल्यावर वाचू का उरलेलं?"

त्यानं टॉर्च धरला. पुढली पानं नुसती चढणीची आणि उंचीच्या मोजमापांची होती. घड्याळ नसल्यानं रेखांश काढायची गणितं अडली म्हणून म्होरक्या दर पानावर चडफडत होता. आत्या एकही ओळ सोडत नव्हती. बाइंडरचा हात बधिर झाला. सव्वाचार. साडेचार. रस्त्यावर कुठं गाडी थांबली की तो दाराकडे बघायचा.

"ही शेवटची घडी," तो म्हणाला. "याच्यापुढं प्रकरण संपतं."

घडी घट्ट होती. आरसा निम्म्यावर अडला.

"'चौदा फेब्रुवारी,'" आत्या वाचू लागली. "'परतीच्या वाटेवर, खडकाच्या पोटाशी, नंबर एकतीस...' पुढं दिसत नाही. जरा फुगव."

"फाटेल."

"केसभर."

"आत्या, नाही होणार."

"'नंबर एकतीस' म्हणतोय रे तो! पुढं काय? तुझा आजा आहे तो!"

तो श्वास रोखून घडी फुगवायला लागला, आणि त्याच क्षणी दाराची घंटी वाजली. बोट दचकलं. टर्रकन आवाज झाला. बाजूची घडी बोटभर उकलली होती.

साहेब दारात उभे होते. त्यांनी टॉर्च पाहिला, आरसा पाहिला, मग पुस्तक पाहिलं.

बाइंडरला ठाऊक होतं, ही फाट तो जोडू शकतो. पातळ कागदाची चिंधी, टोकभर खळ, रात्रभर शिकंज्यात. भिंगाखालीही कुणाला दिसणार नाही. 'कागद जुना होता, पेटीत ठेवताना उकलला,' असं म्हणायचं.

"माझ्या हातून फाटलं, साहेब," तो म्हणाला. "न विचारता आत बघत होतो."

"न विचारता?" साहेबांचा आवाज चिरकला. "विचारलं होतं तुम्ही. मी नाही म्हणालो होतो! एकोणीस वर्षं मी सुरी सोडा, नख लागू दिलं नाही. द्या इकडं."

त्यांनी हात पुढं केला. बाइंडर पुस्तक उचलणार, तोच आत्यानं त्यावर पंजा ठेवला.

"फाटायचं ते फाटलं, साहेब. आता अर्धं पान राहिलंय. ते वाचते, मग घेऊन जा."

"आजी, हात काढा."

"चोर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. आम्हाला सवय आहे."

आणि तिनं आरसा आत सरकवला. फाटलेल्या जागेतून आता तो पुरता जात होता. साहेबांचा हात तसाच पुढं राहिला. बाइंडरनं टॉर्च धरला. आत्यानं त्याचं मनगट दुसऱ्या हातानं धरून उजेड नीट आत वळवला.

"'खडकाच्या पोटाशी, नंबर एकतीस मृत सापडला. पाय मोडलेला. वादळात वाट चुकून कड्यावरून घसरला असावा. अंगात नुसता सदरा. कोट आणि कांबळं दोन्ही घड्याळाच्या पेटीला गुंडाळलेली. पेटी उघडली. घड्याळ...'"

ती थांबली. चष्म्याच्या काचेवर धुकं आलं होतं. तिनं तो पदरानं पुसायला घेतला.

"चालू होतं?" साहेबांनी विचारलं, आणि विचारल्याबद्दल लगेच स्वतःवरच चिडल्यासारखं तोंड फिरवलं.

"'घड्याळ चालू होतं,'" आत्यानं वाचलं. "'आठ दिवसांच्या किल्लीचं हे घड्याळ. शेवटची किल्ली दिल्याला किती काळ लोटला ते दाखवणारा काटा पाच दिवसांवर होता. म्हणजे नऊ तारखेच्या सकाळपर्यंत तो रोज किल्ली देत होता. आमची सगळी गणितं वाचली. घड्याळ एकंदरीत फक्त अकरा सेकंद मागे पडलं होतं.'"

त्याखाली अर्धं पान घड्याळाबद्दलच होतं. कुठल्या कारागिराचं, थंडीत कसं टिकलं, पुढच्या मोहिमांनी कोणतं घ्यावं. दुसरं पत्र खाली पाठवल्याचं कुठं लिहिलेलं नव्हतं. पाठवलंच नव्हतं. पुस्तकात आलं म्हणजे झालं, असं म्होरक्याला वाटलं असावं. आणि पुस्तक जळालं.

आत्यानं आरसा काढून घेतला, पदराला पुसून टेबलावर ठेवला आणि पुस्तक स्वतः दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरलं. साहेबांनी ते घेतलं. फाटेवरून अंगठा फिरवला.

"जोडून देतो," बाइंडर म्हणाला. "पण घेणाऱ्याला जोडल्याचं सांगावं लागेल."

"राहू द्या," साहेब म्हणाले. पेटी तिथंच सोडून, पुस्तक छातीशी धरून ते निघाले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत, आणि त्यांच्यामुळे येणारी आणखी तीन गिऱ्हाइकंही तुटली. पुस्तक त्या मोठ्या संग्रहात गेलं की साहेबांकडेच राहिलं, ते बाइंडरला कधीच कळलं नाही.

घंटीचा आवाज विरल्यावर आत्यानं पिशवीतून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"किती वाजले रे?" तिनं विचारलं.

बाइंडरनं भिंतीकडं पाहिलं. "पाचला दहा कमी."

"चल मग. पोरं उठली असतील. तुझ्या लेकीला सगळं नीट सांगायचंय. कागद दे, तारीख लिहून घेते."

कोऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिनं सुलट्या अक्षरांत सावकाश लिहिलं. मोहिमेचा घड्याळवाला हमाल, नंबर एकतीस, तिचा बाप, जुळ्यांच्या जन्माआधी सहासष्ट वर्षं, नऊ फेब्रुवारीला, सकाळची किल्ली दिल्यानंतर वारला.